व्हॅनताईंची सीट

पाण्याच्या टँकरसाठी मीटिंग बोलावली की आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत कोरम होत नाही. सेक्रेटरी सत्यजीत इंटरकॉमवरून बोंबलून दमतो. त्या रविवारी मात्र सकाळी सकाळी गेटपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. बँकवाले आले, आयटीवाले आले, जे दिवाळीलाही खाली उतरत नाहीत तेसुद्धा आंघोळी उरकून आले. मधोमध शैलेशची पिवळी स्कूल व्हॅन उभी. बॉनेटवर हळदीकुंकवाचे पट्टे, चाकांखाली लिंबं, आणि समोर पाटावर नेऱ्याचे अवधूत महाराज. हातात माइक.

हो, माइक होता. महाराजांचा स्वतःचा, स्पीकरसकट.

"गाडी म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, भक्तहो! गाडीला प्राण असतो. बॅटरीला एक प्लस असतं, एक मायनस असतं. मायनस म्हणजे काय? निगेटिव्ह! अहो, कंपनीनं स्वतः बॅटरीवर छापून दिलंय, आणि लोक मला विचारतात, महाराज, निगेटिव्ह एनर्जी खरंच असते का?"

लोकांनी माना डोलावल्या. त्यातले निम्मे इंजिनिअर होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

"बस, माते," महाराज शोभाला म्हणाले.

शोभा म्हणजे या व्हॅनमधली ताई. मुलांना चढवायचं, उतरवायचं, रस्ता ओलांडून द्यायचा, ओकारी झाली तर पुसायची, हे तिचं काम. दाराशेजारी एक घडीची छोटी सीट असते, ती तिची. ती खाली मान घालून चढली आणि त्या सीटवर टेकली. शैलेशनं चावी फिरवून ठेवलीच होती. आणि समोरच्या काचेमागे, डॅशबोर्डवर, एकापाठोपाठ एक धोक्याचे दिवे लागले. एक पिवळा, दुसरा पिवळा, मग लाल.

"लागले! लागले!" गर्दीतून चीत्कार उठला. सत्यजीत मोबाइल डॅशबोर्डला चिकटवून शूटिंग करत होता.

"उतर, माते." शोभा उतरली. महाराजांनी भस्म फुंकलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि म्हणाले, "शैलेश, चावी बंद कर. आता पुन्हा फिरव." शैलेशनं फिरवली. दिवे गायब! बायकांनी हात जोडले. पुरुषांनीही जोडले, फक्त जरा खाली, कुणाला दिसू नये असे.

मग महाराजांनी माइक शोभाच्या तोंडापुढे धरला. "बोल, माते. चारचौघांत कबूल कर. तुझा नवरा गाडीत गेला. तो तुझ्या बाजूला येऊन बसतो की नाही? त्याचं नाव घे, म्हणजे तो सुटेल. आणि शपथ घे, की यापुढे लेकरांच्या गाडीत पाय ठेवणार नाही."

शोभानं माइककडे बघून तोंड उघडलं. सगळी सोसायटी माना उंचावून बघत होती. ज्या पोरांची नाकं तिनं पुसली, त्यांचे आईबाप बघत होते. आणि माझं डोकं फिरलं.

आता मी कोण, ते सांगते. मी एलिशेबा आपटेकर. आमचं मूळ गाव पाताळगंगेकाठचं आपटा, म्हणून आपटेकर. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमचे बहुतेक लोक तिकडे इस्राएलला गेले, माझा मुलगा जोनाथनही गेला, मी राहिले. जन्मभर पनवेलमध्ये फिजिक्स शिकवलं, म्हणून सगळे मला टीचर म्हणतात. शैलेशही माझाच विद्यार्थी. विद्युतमंडलाच्या धड्याला मागच्या बाकावर घोरत पडायचा, त्याची फळं आता सगळे भोगत होते.

व्हॅनच्या सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मधल्या वेळात शोभा माझ्याकडे भाकऱ्या करायला येते. त्यामुळे हा तमाशा कसा उभा राहिला, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

होळीनंतर कधीतरी व्हॅनचे दिवे लागायला लागले. कधी लागायचे, कधी नाही. गेटसमोरच्या गॅरेजवाल्या परेशनं चाकाजवळचा एक सेन्सर बदलला. आठवडाभर ठीक, पुन्हा दिवे. पुन्हा सेन्सर बदलला, पुन्हा तेच. मग शैलेशच्या लक्षात आलं की सुट्टीच्या दिवशी रिकामी गाडी चालवली तर दिवे लागत नाहीत. नुसती मुलं असली तरी लागत नाहीत. शोभा बसली की लागतात.

इथपर्यंत बघा, पोरगा चुकला नव्हता. निरीक्षण अगदी बरोबर होतं. वर्गात असतं तर मी पाठ थोपटली असती. पण पुढे तो गेला नेऱ्याला, महाराजांच्या फार्महाऊसवर. महाराज म्हणाले, "त्या बाईचा नवरा कसा गेला?" शैलेशनं सांगितलं की दीनानाथ टेम्पो चालवायचा, हायवेला अपघातात गेला. महाराजांनी मांडीवर थाप मारली. "मग झालं तर! गाडीत गेला, गाडीतच येतो."

झालं. गावभर. आधी शैलेशच्या घरी, मग सोसायटीत, मग आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिसऱ्या मजल्यावरची रुचिरा एका मोठ्या कंपनीत एचआर सांभाळते, माणसांशी कसं वागावं हे शिकवायचा तिला पगार मिळतो. तिनं लिहिलं, "शोभाताईंबद्दल पूर्ण रिस्पेक्ट, पण किड्सच्या सेफ्टीशी कॉम्प्रोमाइज नको." खाली अंगठ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी तिची अनुष्का नेहमीसारखी शोभाचा हात धरायला गेली, तर रुचिरानं पोरीचं बखोट धरून मागे ओढलं. ते शोभानं मला भाकरी थापता थापता सांगितलं. रडली नाही. पिठात बघत विचारलं, "टीचर, पोरांना मी काय करनार हाय वो?"

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला, सांगू? लोकांचा नाही. लोक मूर्ख असतात, हे मला पेपर तपासून तपासून माहीत आहे. संताप याचा आला की तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं. एक दिवस म्हणाली, "असंल टीचर. बसत असंल बाजूला. जिवंतपनी कधी माझ्यासंगं बसायला मिलालं नाय त्याला." आणि लगेच तोंड फिरवून म्हणाली, "पन मंग माझी भाकरी का खातो? मेल्यावर तरी सुखानं जगू द्यायचं ना."

तर त्या रविवारी तो माइक तिच्या तोंडापुढे आला, आणि मी गर्दीतून कोपरं मारत पुढे गेले.

"एक मिनिट, महाराज. थांब शोभा, एक शब्द बोलू नकोस."

महाराजांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "माताजी, श्रद्धेचा विषय आहे."

"असू द्या ना. मी प्रश्न विचारला तर श्रद्धा पळून जाणार आहे का?"

सत्यजीत घाईघाईनं पुढे आला. "टीचर, प्लीज. आज नको. आणि तसं तुमचं... म्हणजे तुमचा धर्म वेगळा. आमच्याकडचं तुम्हाला..."

"काय वेगळं रे? माझ्या दारावर मेझुझा लावलाय, आमच्या धर्मग्रंथातल्या ओळींची छोटी डबी, जाता-येता मी त्याला हात लावून बोटांचा मुका घेते. पण घरातला पंखा बंद पडला की मी इलेक्ट्रिशियनला बोलावते. तू बँकेत एटीएम अडकलं की आरती करतोस का?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी आवाज चढवला. "जिथं विज्ञान संपतं, तिथं अध्यात्म सुरू होतं!"

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय! म्हणणाऱ्याचं विज्ञान बहुधा सातवीतच संपलेलं असतं. "संपू द्या की आधी," मी म्हटलं, "आम्ही तर अजून सुरूही केलं नाही. महाराज, तुम्ही आत्ता किती गोष्टी एकदम केल्या? बाईला उतरवलंत, भस्म फुंकलंत, मंत्र म्हटलात, आणि चावी बंद करून चालू करायला लावलीत. मग दिवे नेमके कशानं गेले? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी आठवीच्या पोरांना शिकवायचे. शोभा, चढ. पण तुझ्या सीटवर बसू नकोस. मागे जा, मुलांच्या सीटवर बस."

"टीचर, नको," शोभा कुजबुजली.

"माझ्यासाठी बस."

ती मागच्या सीटवर जाऊन बसली, अंग चोरून. शैलेशनं चावी फिरवली. चावी फिरवली की गाडीचे सगळे दिवे क्षणभर लागतात, ही गाडीनं स्वतःची घेतलेली हजेरी असते. ते लागले आणि विझले. आम्ही थांबलो. काही नाही. शोभा बसलेली, गाडी सुरू, आणि डॅशबोर्ड स्वच्छ. मी शैलेशला गेटपासून देवळापर्यंत एक फेरी मारून यायला लावलं. आला. तरी काही नाही.

"बाजूची सीट रिकामी होती ना हो," मी महाराजांना विचारलं, "मग दीनानाथ बसायला का नाही आला? खिडकी हवी होती का त्याला?"

"मंत्राचा प्रभाव अजून आहे," महाराज म्हणाले.

"असं? मग आता त्या छोट्या सीटवर दुसरं कुणीतरी बसेल. मंत्राच्या प्रभावात. सत्यजीत, तू बस."

"मी?" सत्यजीतचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला गटारात उतर म्हटलं. "टीचर, ती... ती शोभाताईंची सीट आहे."

"मग?"

"नाही, म्हणजे... ती ताईंची असते ना."

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं, आणि पायापासून मस्तकापर्यंत आग झाली. अहो, इतक्या महिन्यांत एकही शहाणा त्या सीटवर बसून बघायला का गेला नव्हता? शैलेश ड्रायव्हरच्या जागेवर. शाळेच्या बाई कधी व्हॅनमधून आल्या तर पुढे बसायच्या. एखादा पालक आला तर मुलांच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन अवघडून बसायचा. पण ताईच्या सीटवर? छे! कामवालीचा कप वेगळा, तिची लिफ्ट वेगळी, तशी तिची सीट वेगळी. दिवे बाईमुळे लागतात की सीटमुळे, हे तपासायला एका माणसानं तिथे बूड टेकवणं एवढंच पुरेसं होतं. एकानंही टेकवलं नाही. भूत मानायला तयार, पण तिच्या सीटवर बसायला तयार नाहीत!

"बसतोस की मी सगळ्यांना सांगू, का बसत नाहीस ते?" मी खालच्या आवाजात म्हटलं. माझा खालचा आवाजही वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो.

सत्यजीतनं रुमाल काढला, सीट पुसली, आणि बसला. जरा वजनदार गृहस्थ आहे.

पिवळा. पिवळा. लाल.

शैलेशनं वाकून पुन्हा एकदा डॅशबोर्डकडे पाहिलं.

"सत्यजीत," मी विचारलं, "तुझं कोण वारलंय रे गाडीत?"

तो चटका बसल्यासारखा उठला. महाराज मात्र मुरलेले. "बघा, बघा! आत्म्यानं स्थान बदललं. आता तो सीटमध्ये शिरलाय!"

"वा! म्हणजे शोभाला सोडून गेला? मग तिला कशाला शपथ घालताय? सीटला घाला."

गेटच्या आत वॉचमनच्या खोलीबाहेर पाण्याचे मोठे जार ठेवलेले असतात. मी दोघांना ते उचलून आणायला लावले, आणि चावी बंद-चालू करून दिवे घालवले. त्यासाठी मला भस्म लागलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. मग एक जार सीटवर ठेवला. काही नाही. दुसरा ठेवला. काही नाही. तिसरा वर धरून टेकवला, आणि दिवे लागले.

"आता या बिसलरीवाल्याचं कोण गेलंय, तेवढं सांगा महाराज."

या वेळी लोक मोकळेपणानं हसले. मला त्यांच्या हसण्याचाही राग आला. पाच मिनिटांपूर्वी हीच तोंडं भक्तिभावानं उघडी होती.

"म्हणजे प्रश्न वजनाचा आहे," मी म्हटलं. "मोठ्या माणसाएवढं वजन त्या सीटवर आलं की खाली काहीतरी दबतं. मुलं कधीकधी तिथे बसली तरी हलकी असतात, म्हणून दिवे लागत नाहीत. शैलेश, सीटखालची ती रबरी मॅट उचल."

शैलेश पांढराफटक पडला. "मॅट नको टीचर. मॅटला हात लावायचा नाय. खाली राखन हाय."

"कसली राखण?"

तो महाराजांकडे बघायला लागला. महाराज पाटावरून उठून चपला शोधत होते. मी स्वतः वाकले, गुडघे कुरकुरले, आणि मॅट ओढून काढली.

सीटच्या पायाला लागून, गाडीच्या तळाच्या पत्र्यात, एक खिळा ठोकलेला होता. चांगला बोटाएवढा, काळा, डोक्यावर शेंदूर फासलेला आणि लाल दोरा गुंडाळलेला.

मग शैलेशनं सगळं सांगितलं. दसऱ्याला नवी व्हॅन घेऊन तो नेऱ्याला गेला होता. झाडाला खिळा ठोकून भूत बांधायची आपल्याकडची जुनी खोड, महाराजांनी ती गाड्यांवर आणली होती. घोड्याच्या नालेचा खिळा, मंत्रवलेला, गाडीच्या पोटात ठोकायचा. मग म्हणे त्या गाडीला कसलीच बाधा होत नाही. आणि अट अशी, की वरची मॅट कधी उचलायची नाही, कुणाला उचलू द्यायची नाही.

"परेश!" मी हाक मारली. परेश गर्दीत मागे मागे सरकत होता. "मीटर घेऊन ये. आणि इकडे बघून बोल. तू दोनदा सेन्सर बदललास. तुला हा खिळा दिसला नव्हता?"

परेशनं मान खाली घातली. "दिसला होता टीचर. पहिल्याच वेळी."

"मग?"

"देवाचं काम. मी हात लावला आणि उद्या काही झालं तर माझ्यावर आलं असतं. म्हणून गप्प बसलो."

"आणि ते शोभावर आलं तेव्हा?"

तो वळून समोरच्या गॅरेजमध्ये गेला. त्यानं मीटर आणलं. गाडी बंद केली. मागच्या चाकाकडून येणाऱ्या वायरचा जोड सुटा केला, मीटरची एक सुई त्या वायरला लावली, दुसरी खिळ्याला. दोन्हींचा संपर्क झाला की ते वाजतं. मीटर गप्प. मी सत्यजीतला पुन्हा त्या सीटवर बसायला सांगितलं. या वेळी त्यानं रुमाल काढला नाही. तो बसला, आणि मीटर टूंऽऽ करून ओरडलं. उठला, गप्प. बसला, टूंऽऽ.

"ऐका नीट," मी सगळ्यांना म्हटलं. "या पत्र्याच्या खालून वायरींचा जुडगा मागच्या चाकांकडे जातो. चाक किती वेगानं फिरतंय, ही बातमी त्यातली एक वायर पुढे पोचवते. या खिळ्याचं टोक त्या जुडग्यात घुसलंय. सुरुवातीला वायरचं वरचं आवरण तेवढं खरचटलं असेल, म्हणून दसऱ्यापासून होळीपर्यंत काही झालं नाही. पण गाडी रोज हादरते. घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं. आता सीटवर वजन आलं की पत्रा जरासा वाकतो, खिळा तांब्याला टेकतो, आणि ती बातमी पुढे जायच्या ऐवजी खिळ्यातून गाडीच्या अंगात जिरते. चाकाची बातमी बंद झाली की गाडी दिवे लावते. एक वायर दुखावली की त्या एकाच यंत्रणेचे तीन दिवे बोंबलतात. आणि एकदा लागले की चावी बंद करून पुन्हा फिरवेपर्यंत जात नाहीत. तोच यांचा मंत्र."

"पण चावीचं महाराजांना कसं ठाऊक?" रुचिरानं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

उत्तर परेशनं दिलं. "ते आधी हायवेला गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान चालवायचे. मी पण होतो तिथं कामाला."

म्हणजे याला गाडीच्या सीटा आणि तळाचे पत्रे आपल्या घरासारखे माहीत होते. खिळा ठोकणारा हाच, बाधा सांगणारा हाच, आणि उतारा काढणाराही हाच. बरं, नुकसान नुसतं शोभाचंच नाही. ते दिवे म्हणजे गाडी सांगत असते की बाबांनो, जोरात ब्रेक दाबलात तर चाकं जाम होऊ नयेत म्हणून जी सोय आहे, ती आत्ता चालत नाहीये. आणि हे लोक त्याच गाडीत रोज आपली पोरं बसवून गाढी नदीच्या पुलावरून पाठवत होते, आणि दिवे लागले की ताईकडे बघत होते! किड्सची सेफ्टी म्हणे.

परेशनं खिळा उपटला. खालून जुडगा ओढून काळी टेप सोडली. एक वायर खरवडलेली, तांब्याला हिरवा गंज चढलेला. त्यानं तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, वर स्लीव्ह चढवली, टेप गुंडाळली, पत्र्याचं भोक बुजवलं. चहा होईपर्यंत काम संपलं. होळीपासून एका बाईचा जीव ज्यानं खाल्ला, ते एवढंसं काम होतं.

"शोभा, आता बस तुझ्या सीटवर."

ती बसली. आम्ही सगळे डॅशबोर्डकडे बघत होतो. हजेरीचे दिवे लागले, विझले, आणि पुन्हा लागले नाहीत. ती मुद्दाम थोडी हलून बसली, पुन्हा दाबून बसली. काही नाही.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझा पारा पुन्हा चढला. "टाळ्या कसल्या वाजवताय? नाटक बघायला आला होतात का? ही बाई आत्ता माइकवर कबूल करणार होती, की मी अपशकुनी आहे म्हणून. तुम्ही ते शूट करणार होतात. वाजवा, तेव्हा नाही वाजवल्यात तर आता वाजवा!"

टाळ्या थांबल्या. शोभा सीटवरच बसून होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"म्हंजे तो नव्हताच, टीचर?"

"नव्हता गं."

तिनं सीटवरून हात फिरवला. "इतके दिस मी त्याला शिव्या घालत व्हते. मनातल्या मनात. की मेला तरी माझ्या पोटावर पाय देतोस म्हनून. काल रातीला त्याच्या फोटोचा हार काढून फेकला मी." तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि सगळ्यांसमोर, तोंड न झाकता. महाराजांनी तिची नोकरी घ्यायला बघितली होती, ते मला दिसत होतं. त्यांनी तिचा मेलेला नवराही तिच्यापासून हिरावून घेतला होता, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

रुचिरा पुढे आली. "सॉरी हं शोभाताई. मिसअंडरस्टँडिंग झालं."

शोभानं पदरानं डोळे पुसले. "मिसअंडरस्टँडिंग नाय, ताई. तुमी पोरीला माझ्या हातातनं ओढलंत. तुमाला ठावं व्हतं तुमी काय करताय."

रुचिरा मागे सरकून गर्दीत मिसळली.

महाराजांचा माणूस एव्हाना स्पीकर गाडीत चढवत होता. मी मोठ्यानं म्हटलं, "बाईमुळे विघ्न येतं, तिच्यासोबत भूत आहे, असं सांगून तिचं जगणं मुश्कील करायचं, हा या राज्यात गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायदा आहे. शोभा, तक्रार द्यायची का, ते तू ठरव."

सत्यजीत धावला. "टीचर, मिटलं ना आता? पोलीस कशाला? सोसायटीचं नाव पेपरात येईल."

"आणि माझं नाव?" शोभा सीटवरून उठली. "ते गावभर झालं, तवा तुमी मिटवायला आला व्हता का? मी देनार तक्रार. टीचर, तुमी येता?"

"येते म्हणजे काय!"

शैलेश चावी हातात घेऊन उभा होता. मान वर करायची हिंमत नव्हती. "चला, मी सोडतो पोलीस स्टेशनला."

"नुसतं सोडू नको," शोभा म्हणाली. "आत ये, नि सांग त्यांना खिला कोनी ठोकला ते."

तो आला. त्यानं सांगितलं. परेशही आला, थोडा उशिरा, पण आला. सत्यजीतचं ते शूटिंग पोलिसांनी मागून घेतलं, त्यामुळे त्याला पहिल्यांदाच काहीतरी उपयोगी केल्यासारखं झालं. महाराजांच्या फार्महाऊसला सध्या कुलूप आहे. त्यांनी आणखी किती गाड्यांच्या पोटात खिळे ठोकलेत, देव जाणे. पनवेलच्या रस्त्यावर त्या फिरतायत. तुमची नवी गाडी असेल आणि दसऱ्याला कुणी तिच्या पत्र्यात काही ठोकून दिलं असेल, तर आजच्या आज मॅट उचला.

सोमवारी शोभा व्हॅनवर होती. मुलं नेहमीसारखी तिच्या अंगावर पडत चढली, त्यांच्या डोक्यात यातलं काही शिरलंच नव्हतं.

आता तुम्ही, जे हे वाचताय, तुम्हाला सांगते. देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी माझा मानते. पण उद्या तुमच्या घरात, गल्लीत, शाळेत काही बिघडेल, आणि कुणीतरी बोट दाखवेल. ते बोट नेहमी अशाच बाईकडे वळतं, जिच्या मागे कुणी नाही आणि जिची नोकरी तुमच्या हातात आहे. तेव्हा हात जोडण्याआधी आणि मोबाइल काढण्याआधी एवढंच करा. तिच्या जागेवर एकदा स्वतः बसून बघा. दिवा तरीही लागला, तर खाली वाका आणि तार शोधा.